मोठी पुली

रात्रीचे अडीच. चोपड्यात पारा एकदाचा तेहतीसवर उतरलाय.
मे महिन्यात यापेक्षा गार वेळ मिळत नाही,
चार रात्री जागून पाहिलंय मी.

कुलरचा पंप बंद केला, नुसता वारा ठेवला
आणि त्याचं तोंड कॅबिनेटकडे फिरवलं.
बाजूचं झाकण उघडं.
जुनी पेस्ट कालच स्पिरिटने पुसली,
नवी टाकली, तुरीच्या दाण्याएवढी.
मग डिलीटचं बटण दाबत दाबत
त्या पानावर आले, जिथे आजवर
फक्त घड्याळ लावायला यायचे.

शंभर गुणिले छत्तीस.
कारखान्याने नेमून दिलेला वेग.
अडावदच्या लग्नाचा व्हिडिओ या वेगावर अकरा तास शिजतो:
हळद, मांडव, ड्रोनमधून दिसणारी केळीची बाग.
नवरीचा मामा तीनदा येऊन गेला.
"ताई, पोरगी सासरी जाऊन माहेरपणालाही आली,
तुमची कॅसेट काही आली नाही."
तो अजून कॅसेटच म्हणतो.

अडतीस. चाललं.
चाळीस. चाललं, पंख्याचा आवाज जरा वर.
बेचाळीस, आणि व्होल्टेज किंचित जास्त,
दुसऱ्याच्या घरी भाजीत मीठ घालावं तसं.
चाचणी लावली. आकडे चढू लागले,
एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याऐंशी.

दारातल्या खाटेवरून दादा:
"काय करी ऱ्हायनी वं माय?"
ज्याने तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली
त्याला फिरणाऱ्या वस्तूचा सूर बदललेला
झोपेतही कळतो.
गिरणी इथेच होती, या टेबलाच्या जागी.
"वेग वाढवतेय."
जरा वेळ काहीच नाही. मग,
"मोटरवर मोठी पुली टाकी का?"
हो दादा. तेच.

एका दिवाळीत टाकली होती त्यांनी.
अर्ध्या गल्लीची दादर संध्याकाळपर्यंत दळून झाली,
पीठ मात्र चटका बसेल असं.
दुसऱ्या दिवशी बायका परत आल्या,
भाकरी थापताना कडेने तडकत होती.
जुन्या पुलीवर सगळ्यांचं पुन्हा दळून दिलं, फुकट.
हे मला आईने सांगितलं. दादा सांगत नाहीत.

चव्वेचाळीस.

पडदा काळा.
पंखा घरघरतो, थांबतो. घरघरतो, थांबतो.
जळगावहून जुना आणलेला, अठरा हजारांचा.
पायातलं बळच गेलं.
दादा उठून आले. विचारलं काहीच नाही, टॉर्च धरली.
बोर्डावरची गोल बॅटरी मी नखाने उचकटली,
जुन्या चाराण्याएवढी,
शंभर अंक मोजले, परत बसवली.

उठला. सगळं विसरून उठला.
तारीख दाखवली: एक जानेवारी, दोन हजार पंधरा.
त्या दिवशी इथे डब्यांची रांग होती,
डब्यांवर खडूने नावं, हवेत कळण्याचा वास,
दादांच्या भुवया पांढऱ्या, पण पिठाने.
तारीख दुरुस्त करायला मला जरा वेळच लागला.

एक्केचाळीस ठेवलं.
चाचणी संपत आली तेव्हा दादांनी
कॅबिनेटच्या मागून निघणाऱ्या वाऱ्यात उलटा हात धरला,
पिठाच्या धारेखाली धरायचे तसा.
पडद्यावर एकोणऐंशी.
पडद्याकडे न बघता म्हणाले, "आते बरं शे."

अडावदचं लग्न लावलं.
उरलेला वेळ: नऊ तास चाळीस मिनिटं.
म्हणजे एक तास वीस मिनिटं कमावली.
त्यांचं काय करायचं, ते ठरवलेलं नव्हतं.

दादा खाटेवर जाऊन कुशीवर वळले. बनियन पाठीला चिकटलेलं.
कुलर अर्धा त्यांच्याकडे फिरवला.
आकडा एक्क्याऐंशीवर गेला.
जाऊ दे.