मोजपट्टी न ठेवता

एकवीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
माझं काम होतं दोष शोधणं.
भिंग, पांढरा दिवा,
आणि फोटो काढताना शेजारी पोलादी पट्टी.
ओरखडा किती, खळगा किती,
पास की नापास.

निवृत्त झाले तशी गुडघ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला.
चालते.
पिशवीत फोन. पट्टी घरीच.

बोपोडीच्या एका गल्लीत
कडुनिंबानं गिळत आणलीय दवाखान्याची पाटी,
खोडाच्या ओठांबाहेर उरलंय फक्त ‘दंत’.
पुढं, ड्रेनेजच्या झाकणापाशी,
ओल्या सिमेंटवरून कधीतरी गेलेलं कुत्रं:
चार पावलं, पाचवं नाही.
कुणीतरी हाड् केलं असणार.
एका बेलच्या बटणावर चिकटपट्टी, वर बॉलपेननं:
वाजत नाही. तरी दाबू नये.

रविवारी बसनं फुलगावपर्यंत जाते.
तिथं कुंपणाच्या खालच्या तारेलाच तेवढी लोकर अडकलेली,
वरच्या दोन तारा कोऱ्या.
बांधावरच्या बाभळीचा बुंधा
शेळीच्या पाठीच्या उंचीवर गुळगुळीत, काळसर,
त्याच्या वर पुन्हा बाभूळ.

भिंतीचा फोटो काढला की माणसं दारात येतात.
‘कार्पोरेशनच्या का?’
नाही हो, अशीच.
‘अशीच’वर या शहरात कुणाचा विश्वास नाही.
ज्यानं भिंतीकडं निरखून पाहिलं
तो पुढच्या महिन्यात लाल रंगाचा डबा घेऊन येतो,
हा इथला अनुभव.

हसीब तांबोळींनीही तेच विचारलं होतं.
सायकलचं दुकान, पुढं सागवानी खांब,
खांबावर पेन्सिलीच्या रेघा:
शगु बालवाडी. शगु दुसरी. शगु चौथी.
मी बसून, वाकून, उभं राहून काढला.
त्यांनी टायर पाण्यातून वर घेतलं,
माझ्याकडं पाहिलं, परत बुडवलं.

मग रस्ता रुंद झाला.

दीड वर्षानं स्वतःच शोधत आले.
दुकान आता मागच्या बोळात, सिमेंटचा खांब.
‘तो फोटो आहे का तुमच्याकडं?’
शगुफ्ता कुठं असते?
‘ससूनला, नर्स. माझ्याहून उंच झाली.
तसं काही नाही. पुन्हा मारून ठेवतो म्हटलं रेघा.’

फोटो होता. रेघा स्पष्ट.
पण दुसरी म्हणजे किती, चौथी म्हणजे किती?
फोटोत दुसरीतली मुलगी
बोटाएवढीही असू शकते, झाडाएवढीही.
एकवीस वर्षांत अशी चूक केली असती
तर मेमो मिळाला असता.

खाली कोपऱ्यात माझ्या चपलेचा अंगठा आला होता.
कापून टाकणार होते, राहून गेला.
चप्पल काढून टेकवली खांबाशी,
दोघं त्रैराशिक मांडत बसलो,
उत्तर दर वेळी निराळं.

‘ही कसली?’ त्यांनी मध्येच विचारलं.
चौथीच्या जरा वर, बिननावाची, आडवी, खोल.
ओरखडा, मी म्हटलं.
सवयीनं.

ते हसले.
‘ही सीटची. बावीस इंची सायकल.
रोज रडायची, मला चालवू दे.
म्हटलं, खांद्यानं ही रेघ गाठ, मग ने.’

आतून एक जुनी बावीस इंची काढली,
खांबाला लावली,
सीटला हात टेकून खडूनं पहिली रेघ ओढली.
मग तिथून खाली, फोन बघत बघत,
चौथी.
दुसरी.
बालवाडीला गुडघे टेकून बसले.

उठताना म्हणाले,
‘तुम्ही पण या. चप्पल काढून.’

मी पाठ टेकवली.
सिमेंट गार होतं.
समोर बोळ, एक शटर, शटरवर काहीतरी लिहिलेलं,
वाचायला चष्मा हवा होता.
‘हलू नका.’
डोक्यामागं खडू करकरला.