कट्ट्याचा रस्ता

तुरीचा एक कट्टा
गेटातून आत येऊन डाळ होऊन बाहेर पडेपर्यंत
किती चालतो,
हे उदगीरच्या आमच्या मिलमध्ये
सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

निकहत शेखनं विचारलं.
नांदेडची पोरगी, पायात बूट.
कट्ट्यावर खडूनं फुली मारली
आणि त्याच्यामागं हिंडली
करवलीसारखी.

तिसऱ्या दिवशी म्हणाली,
अठराशे मीटर. कामाचे त्यातले चारशे.
सात वेळा उचलला, सात वेळा ठेवला,
आणि सगळ्यांत जास्त थांबला
तुमच्या टेबलासमोर, काका.

चार सह्या लागायच्या. तिसरी माझी.
मी जेवायला गेलो की तूरही ताटकळत.

तिनं भिंतीवर कागद चिकटवला :
चाळणी, तेल, वाळवण, भरडा, काटा.
चौकटीतून चौकटीत बाण.
चंद्रभागाबाई गच्चीवरची तूर दाढेखाली धरते,
कट्ट वाजली तर वाळली,
चप्प झाली तर अजून एक ऊन.
"मावशी, हा दात कुठल्या चौकटीत टाकू?"
बाया हसल्या. ती नाही.
"टाक की कुठंबी. पण मी लेकीकडं औशाला गेले
तर मिल बंद ठिवायलाव का?"

निकहतचं पेन बराच वेळ उघडझाप करत राहिलं.

मग ओलावा मोजायचं मीटर आलं,
आणि मीटरशेजारी दोन पोरी
तूर चावायला शिकायल्या.
आकडा आणि आवाज जुळल्याशिवाय
कट्टा पुढं नाही.

दिवाळीला तोष्णीवाल शेटनं वाचून दाखवलं :
तुकडा शंभरामागं नऊ होता, साडेपाचावर आला.
परवा सुटणारा ट्रक आजच सुटायलाय.
पेढा वाटला.
चुन्नी कमी निघते म्हणून
म्हशीवाले तेवढे कुरकुरले.

गफूरमामानं पेढा हातातच ठेवला.
"कट्टा चालायचा म्हंता?
त्याला पाय कधी होते?
सात उचली होत्या, तीन राहिल्या.
गुडघा खूश हाय, खोटं कशाला बोलू.
पण हमाली उचलीवर मिळते, शेट.
चार उचलींची चौकट कुठाय?"

शेटनं मोबाईल बघितला.
निकहतनं कागद.

सगळे गेल्यावर मी स्टूल ओढलं.
काट्याच्या चौकटीखाली, हात थोडा कापत,
एक चौकट काढली.
आत लिहिलं : हमालीचा नवा दर, ठरवणे बाकी.
आणि सवयीनं
खाली सही केली.