रकाना अकरा

रकाना अकरा विचारतो: घोड्याचा प्रकार.
उघडा, झाकलेला, की अन्य?
अन्य असल्यास वर्णन करा, दोन ओळींत.

दौलतगंजातल्या आमच्या दुकानात
दोन ओळींत न मावणारं काही आजवर आलं नव्हतं.
आजोबांच्या वहीत ठासणीच्या बंदुका आहेत,
दस्त्यावर पितळी वेल, नळीला केसाएवढी चीर.
वडिलांच्या वहीत दुनळ्या,
भिंड, मुरैना, शिवपुरी,
गिऱ्हाइकाच्या बापाचं नाव, शेताचा खाते नंबर.
सगळ्यांना घोडा होता.
कुणाला एक, कुणाला दोन.

आणि आता ही हेमांगिनी शितोळे, वय एकोणीस,
कंपूवरून स्कूटीनं येते,
हेल्मेट काढायच्या आधी विचारते,
"काका, आलं का?"

तिचं पिस्तूल दिल्लीत, विमानतळाच्या गोदामात,
मे महिन्यापासून.
निशाण्याच्या खेळाचं, नव्या तंत्राचं.
त्यात घोडा नाही.
चाप आहे, पण तो काही ओढत नाही,
नुसता कळवतो.
आत कुठेसं एक वजन आहे,
धक्का आला की ते उलट्या दिशेला सरकतं
आणि मनगट जागच्या जागी राहतं.
असं ती सांगते.
मी पाहिलेलं नाही. साहेबांनीही नाही.

मी लिहिलं: अन्य. घोडा नाही.
पंचेचाळीस दिवसांनी उत्तर आलं,
"घोडा नसल्यास सदर वस्तू बंदूक आहे काय?
नसल्यास बंदुकीचा परवाना कशासाठी?"
मी लिहिलं, बंदूक आहे.
"असल्यास रकाना अकरामध्ये घोडा का नाही?"

हसू नका. तो कारकून मला कळतो.
नवा माणूस दारात आला की
मीही आधी त्याचं गाव विचारतो.
आणि नियम काही कुणाला स्वप्नात नाही पडला.
वरातीत आभाळात मारलेली एक गोळी
तिसऱ्या गल्लीत, गच्चीवर निजलेल्या पोराजवळ उतरली होती.
पोलीस आमच्याच वहीवर बोट फिरवत बसले.
नंबर होता, म्हणून बंदूक सापडली.
वडील त्या रात्री जेवले नाहीत,
आणि सकाळी त्यांनी वहीला नवं पुठ्ठं घातलं.

निवड चाचणी हेमांगिनीनं उसन्या पिस्तुलानं दिली.
दोन गुण कमी पडले.
दुकानात येऊन स्टुलावर बसली,
उजव्या मनगटावर डाव्या हाताचा अंगठा दाबून,
जसा वैद्य बसतो.
मी चहा मागवला. तिनं बिस्कीट बुडवलं, ते तुटलं,
ते ती चमच्यानं काढत राहिली.

दिवाळीनंतर पार्सल आलं.
लाखेचं शील, सहा शिक्के, आणि शेरा:
"तपासणीसाठी सुटे केले. घोडा आढळला नाही. मंजूर."
त्रेसष्ट भाग, एका पिशवीत,
भाजीवर कोथिंबीर टाकून देतात तसे.

निसार मिस्त्रींना बोलावलं.
हुजरातवरून चालत आले, वय अठ्ठ्याहत्तर,
चष्म्यावर चष्मा.
पहिल्या दिवशी त्यांनी कशाला हातच लावला नाही,
फडक्यावर सगळं मांडून नुसतं पाहत राहिले.
"ये तो घड़ी है, भैया," म्हणाले, "वक़्त भर नहीं बताती."
दुसऱ्या दिवशी अर्धं बसलं.
तिसऱ्या दिवशी सगळं,
आणि एक स्प्रिंग उरली.

तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी.
मिस्त्रींनी पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा लावलं.
पुन्हा उरली.
हेमांगिनीनं फोटो काढून कारखान्याला पाठवला.
रात्रीतून उत्तर: ही आमची नाही.

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले,
मग माझ्या खिशाकडे,
मग माझ्या खिशातल्या पेनाकडे.

म्हणजे दिल्लीत कुठल्याशा टेबलावर
आता एक पेन असेल,
दाबलं तरी टोक बाहेर न येणारं.
साहेब झटकून बघत असतील.

पिस्तूल ती घेऊन गेली. वहीत नोंद झाली.
स्प्रिंग मी टाकली नाही.
अर्जाच्या आमच्या प्रतीवर, रकाना अकरामध्ये,
चिकटपट्टीनं लावून ठेवली आहे,
कुणी विचारलंच तर.