साडेबावीस अंश

भोसरीत समुद्र नाही.
जो आहे, तो मी दर सोमवारी कालवते:
लिटरला पन्नास ग्रॅम मीठ,
मग पेटीत फवारा, पस्तीस अंश ऊब,
आणि झाकण बंद.

पेटीची पाळी शेवटी. अलार्म अजून बाहेर आहे.
जहाजाच्या तळाशी पाणी साचलं की ओरडायचं,
एवढंच त्याला येतं.
परवा कंपनांच्या टेबलावर
एक स्क्रू सैल झाला त्याचा.
पिरंगुटचे दिघे, ज्यांचा माल, म्हणाले,
"एवढ्याशा स्क्रूनं काय जहाज बुडतंय?"
सर्व्हेअर वझिफदार बाईंनी तो तळहातावर घेतला,
चष्मा कपाळावर सारून
बराच वेळ बघितला.
मग कागदावर एकच शब्द: पुन्हा.

आज कलवतोय.
साडेबावीस अंश डावीकडे, तेवढेच उजवीकडे.
टेबलाच्या कडेला माझा चहा राहिला होता,
तोही कलला, बशीत, मग माझ्या वहीवर.
बाई हसल्या, "लागली ना बोट?"

समुद्र मी एकदाच चाखलाय,
गुहागरला, सातवीच्या सहलीत.
आत्ता कळतं,
माझ्याहून आळणी होता.

शिक्का बसेल. अलार्म जाईल
कुठल्याशा तेलकट अंधारात,
मला पत्ता कळणार नाही.
एखाद्या रात्री तो बोंबलेल,
अर्ध्या झोपेतला कुणी खलाशी
त्याला आईवरून शिव्या घालत
जिना उतरेल.

घाल बाबा.
पण उतर.