तास ४१९५

वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ.
इसौराने सगळे एका रांगेत उभे केलेत,
कवायतीला आणलेल्या पोरांसारखे,
आणि प्रत्येकाला ती एकच विचारते:
तुला किती हवी, आणि कुठून आणू?

बहुतेक मुकाट उत्तर देतात.
दुपारचे तर माजलेले.
उत्तरेच्या वाळवंटात ऊन इतकं होतं
की सांतियागोकडे येणाऱ्या तारेत मावत नाही.
किंमत शून्यावर येते, मग शून्याखाली,
आणि उरलेलं ऊन ती 'कपात' नावाच्या रकान्यात ओतते,
लग्नघरचा भात, दुसऱ्या दिवशी कुणालाच नको असलेला.

अडतो तो चार हजार एकशे पंचाण्णव.
चोवीस जून, संध्याकाळी सहा ते सात.
तिथला ऐन हिवाळा.
सूर्य नुकताच पॅसिफिकमध्ये बुडालेला,
दक्षिणेचा वारा पडलेला,
घराघरांत हीटर लागलेले, सूप गरम होतंय.
यंत्र चाळीस मिनिटं विचार करतं
आणि म्हणतं: उत्तर नाही.

मार्चमध्ये ती किनाऱ्यावरच्या केंद्रात गेली होती.
बॉयलरवर नोल्बेर्तो, एकतीस वर्षं कोळशात.
रोज दुपारी विझवायचं, संध्याकाळी पेटवायचं,
एका वेळेला खर्च किती, तिने विचारलं.
पेन उघडून ठेवलं होतं.
त्याने पुस्तिका काढली नाही.
तिला एका पाइपाच्या सांध्यापाशी नेलं.
"हा बघा. थंड झाला की आकसतो, तापला की ताणतो.
नव्वद वेळा सोसेल.
एक्क्याण्णवावी कुणाच्या नावावर लिहिणार?"

सूर्याच्या, म्हणाले आरांगिस साहेब, बैठकीत,
बिस्किट चहात बुडवता बुडवता.
एवढी वर्षं सगळं सुरळीत होतं ना?
नवा तोच आलाय.

आपल्याकडे याला पायगुण म्हणतात.
सून उंबरठा ओलांडते
आणि त्या दिवशी नासलेलं दूध
तिच्या खात्यात जातं.
दूध आदल्या रात्रीच उघडं राहिलं होतं,
हे कोण लिहून ठेवतं?

इसौराने जुन्या वह्या काढल्या.
हेच केंद्र एका रात्री झटक्यात बसलं होतं,
अडीचशे मेगावॅट, शिंक यावी तसं.
तेव्हा डोंगरातलं एक धरण धावून आलं,
वर्षानुवर्षं याच एका रात्रीसाठी
पाणी अडवून, पगार घेऊन बसलेलं.
तो पगार कोळशाच्या नावावर कधी पडला नाही.
सगळ्यांच्या बिलात तो चिमूट चिमूट विरघळला,
मिठासारखा. चवही लागली नाही कुणाला.

आणखी एक आकडा तिला टाळता येत नाही:
न पोचलेल्या विजेचा दर.
अंधाराचं एक युनिट, किती पेसो?
तांब्याच्या खाणीची चक्की थांबली तर नुकसान मोठं,
वकिलासकट मोजून मिळतं.
नोल्बेर्तोच्या ओतिलियाचं शिलाईयंत्र थांबलं
तर दर इतका कमी
की यंत्र दर वेळी तिचीच वीज तोडतं,
आणि त्याला सर्वोत्तम उत्तर म्हणतं.
तिने तो आकडा तीनदा बदलला.
तिन्ही वेळा हात आखडता घेतला.

आज परत गणित लावलंय.
खिडकीबाहेर काळोख, काचेवर वाफ,
कॅलेंडरवर जून, चोवीस नव्हे, पण जवळपासची कुठलीतरी तारीख.
पाणी भरून तिने किटली ठेवली,
बोट बटणावर नेलं,
घड्याळ पाहिलं: सहा चाळीस.
बोट मागे घेतलं.

स्वतःशीच हसली. दोन किलोवॅट!
त्याने काय होणार होतं?
तरी खुर्चीत येऊन बसली,
तक्त्यात एक नवी ओळ टाकली: 'थांबणं'.
पुढचा रकाना, दर,
कर्सर लुकलुकत राहिला तिथे.
खाणीची चक्की तासभर थांबली तर
तिचे कागद आहेत.
थंड स्वयंपाकघरात हात चोळत
सात वाजायची वाट पाहणाऱ्या बाईचा भाव
कुठल्याच पुस्तिकेत नाही.

सात वाजून दोन मिनिटांनी तिने किटली लावली.
यंत्र अजून विचार करतंय.