दाते झाकल्यावर

सव्वीस वर्षं मी सरळ शिवत आले.
सक्करदऱ्याच्या दोन शाळा, हुडकेश्वरची एक,
निळे पिनो, खाकी हाफपँट, चौकड्यांचे शर्ट,
कडेपासून पाव इंच, टीप कधी डुलली नाही.
कापड आपसूक पुढं जायचं,
सुईखालचे दाते ते ओढत न्यायचे,
प्रार्थनेनंतर पोरं वर्गात नेतात तसं.
मी नुसतं बोट लावून बसायची.

बाबा तांडापेठेत मागावर होते.
ताणा उभा, बाणा आडवा.
तिसरी दिशा आमच्या घरात नव्हती.

मे महिन्यात वरच्या खोलीतली करुणा रंगारी म्हणाली,
काकू, दाते खाली पाडा,
मग कापड कुठंही जाते.
माझ्या मशीनचे दाते खाली पडत नाहीत,
वय झालंय तिचं, हट्टी आहे.
म्हणून आम्ही त्यांच्यावर एक्स-रे चिकटवला:
दोन वर्षांपूर्वी मनगट मोडलं तेव्हा मेडिकलला काढलेला.
त्यातला चौकोन कापला,
मधोमध सुईपुरतं भोक.
आता सुईच्या खाली माझंच हाड,
पांढुरकं, पाण्यातल्या काडीसारखं.

रफूचा पाय इतवारीत मिळाला.
दुकानदारानं दोनदा विचारलं, काय फाटलं?
काहीच नाही, म्हटलं.
त्यानं सुटे पैसे जरा जपूनच दिले.

वर उरलेला निळा, खाली जुनं लुगडं, मधे विटलेली चादर.
पहिल्या दिवशी हात घाबरून थांबले,
पाय मात्र दाबतच राहिला.
एकाच जागी तीस टाके, गाठ,
कट्.
सुई गेली.
उलटं करून बघते तर खाली दोऱ्याचं घरटं,
चिमणीनं नाकारावं असं.

दुसऱ्या दिवशी हात पळाले, पाय चाचरला,
टाके बोटभर लांब.
"काऊन एवढा जीव मुठीत धरता बाप्पा,
पाय जोरात, हात सावकाश."
कूलर घरघरतोय, बाहेर पंचेचाळीस,
तळव्यांना घाम, कापड निसटतंय.
शेवटी भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले.
शेजारच्या निमजेबाई दारातून बघून
काही न बोलता परत गेल्या.

मग एका दुपारी लाइन गेली.
कूलर गप्प. मोटर गप्प.
मी उठायला हवं होतं, आंबे पिकत घातले होते, बघायचे होते.
उजव्या हातानं चाक फिरवलं.
एक टाका.
डाव्यानं कापड जरासं सरकवलं.
एक टाका.
बसून बसून एवढंच दिसलं,
की सुई कुठंच जात नाही.
ती तिथंच, वर, खाली, वर.
जाणं येणं सगळं माझ्याकडं आहे
आणि सव्वीस वर्षं ते मी दात्यांना देऊन टाकलेलं.

चार वाजता लाइन आली.
पाय दाबला.
एक वेटोळं आलं, त्याला खेटून दुसरं, न शिवता तिसरं.
काही वाटाण्याएवढी,
एक अगदी बटाटा.
मनगट दुखलं, तेच, मोडलेलं.
वीतभर जागा भरली तेव्हा
पोळ्या करायची वेळ टळून गेली होती.

गोधडी काही झाली नाही अजून.
एक कोपरा आहे, दोन हात ठेवता येतील एवढा.
जून लागला, एकशे चाळीस पिनोंची ऑर्डर आली,
सव्वीस तारखेला शाळा.
एक्स-रे सोलून काढायचा होता, चिकटपट्टी नखानं उचललीही.
मग परत बसवली.
समोर खिशांचा गठ्ठा कापून पडला होता.
वरचा एक घेतला,
आतल्या बाजूनं, निळ्यावर निळा दोरा,
एकच वेटोळं.

नंतर दाते उघडे केले.
खिसा पिनोला लावला, पाव इंच सोडून, सरळ.
मुख्याध्यापिका खिसे उलटे करून बघत नाहीत.
पण दुसरीतल्या कुणाचं तरी बोट
पाढे म्हणताना आत जाईल,
खडूचा तुकडा, चिंचोका, आणि मग
हे काय आहे, म्हणून
पुन्हा फिरेल.