काय मागवायचं

मानेवाडा रिंग रोडला, टायरच्या दुकानाला लागून
सहा टेबलं आहेत. पाटीवर होंडुरास,
खाली बारीक अक्षरात : पाण्याचे जार मिळतील.
डॉक्टरांनी बाबांचं तिखट बंद केलं
त्या महिन्यात मी त्यांना तिथे नेलं.

अंबादास पराते, वय एकाहत्तर,
सावजीच्या तर्रीत बोट बुडवून मगच
ताटाला नमस्कार करणारा माणूस,
मेन्यू असा धरून बसला
जशी कोर्टाची नोटीस.

"रस्सा कोणता हाय?"
"रस्सा नाही काका," सुयापा म्हणाली, "बसा तं खरं."

दिगांबर मेश्राम जहाजावर फिटर होता,
तिच्या गावच्या बंदरात जहाज सतरा दिवस अडकलं.
ती एवढंच सांगते.
उरलेलं तो गल्ल्यावर बसून सांगतो,
दर वेळी वेगळं.

तर, पहिल्यांदा जाल तेव्हा बालेआदा मागवा.
मैद्याची पोळी, अर्धी दुमडलेली,
आत घोटलेला राजमा, इतवारीतला, बारका, लाल,
त्यावर साय,
आणि मीठ लावून दोन दिवस फडक्यात टांगलेलं पनीर.
काटा-चमचा मागू नका.
देईल ती. पण बघेल.

तळलेल्या केळ्यांवरची कोंबडी दोघांत एक पुरते.
वरून कोबी, वरून सॉस,
तळाचे काप भिजून मऊ पडतात
आणि त्यांच्यावरून भांडणं होतात,
वाटण्या आधीच करून घ्या.

मक्याची पोळी बारानंतर.
मका रात्रभर चुन्याच्या पाण्यात असतो
आणि चुना येतो कोपऱ्यावरच्या पानठेल्यातून.
"एवढा चुना कोणाले लावता, वहिनी?"
ठेलेवाला रोज विचारतो, रोज एकटाच हसतो.

तांदळाचं गार सरबत गुरुवारी नसतं,
गुरुवारी मिक्सर शेजारीण नेते.
चिंचेचं घ्या.

बाबांनी बालेआदा लगेच खाल्ली नाही.
कड चिमटीत धरली, अंगठ्याने चोळली,
गोळीबार चौकात मागावरून उतरलेल्या
लुगड्याचा पोत बघायचे तशी,
मग ट्यूबलाइटकडे धरली.
"कुठं जाड नाही, कुठं पातळ नाही,"
म्हणाले.
माझ्या बारावीच्या निकालालाही
एवढं म्हणाले नव्हते.

आत सुयापा पोळी या हातावरून त्या हातावर थापत होती.
आई उलट्या मडक्यावर लांब पोळी टाकायची,
कोपरांपर्यंत झुलवत,
तेव्हा असा आवाज यायचा नाही, वेगळा यायचा.
तरी बाबा कान देऊन बसले.
त्या दिवशी मीठ मागायचं विसरले.

टेबलावर एक बरणी असते :
कांदा, गाजर, मिरची, व्हिनेगरात मुरलेली.
चव घ्याच.
आमच्या टेबलावरून मात्र मी ती उचलायला लावते,
सुयापाला कारण सांगून ठेवलंय.

आता आम्ही दर बुधवारी जातो.
परवा शेजारच्या टेबलावर दोन पोरं होती, इंजिनिअरिंगची,
मेन्यू उलटा करून पाहत होती
की मागच्या बाजूला मराठीत आहे का.
बाबा खुर्चीसकट वळले.
"बालेआदा सांगा. काटा नोका मांगू.
कोंबडी एकच घ्या, तुमच्यानं दोन होत नाही.
अन् हे पाह्य..."
पाहायला सांगता सांगता
त्यांचा हात पोरांच्या बरणीत गेला.
एक मिरची. बारकी.
मी पाहिली, पोरांनी पाहिली,
सुयापाने खिडकीतून पाहिली
आणि पोळी उलटायला वळली.

बाबांनी सरबताचा मोठा घोट घेतला.
डोळ्यांतून पाणी येत होतं.
"थंड हाय लय," म्हणाले.